रंगीत नकाशात गॅस दिसतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात शेल गॅसवर लिहिलं होतं. शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला दगड, त्या दगडातच अडकून बसलेला गॅस आडवी विहीर मारून आणि पाण्याच्या दाबाने दगड फोडून कसा काढतात, त्याबद्दल. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की विहीर कुठे मारायची ते सायस्मिक ॲट्रिब्यूट बघून ठरवतात. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. 2024 च्या फेब्रुवारीत गोव्यात बेतूलला इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जाक्षेत्राचा मेळावा झाला तेव्हापासून आपल्याकडे ह्या विषयाची चौकशी जरा वाढलीय असं दिसतं. नावं छापत नाही, गाव छापतोय.

फोंडा : काका, ॲट्रिब्यूट म्हणजे नक्की काय? ते जमिनीखालचा गॅस मोजतात का?

नाही, गॅस मोजणारं ॲट्रिब्यूट अजून कोणाला सापडलेलं नाही.

सायस्मिकमध्ये वर आवाज करायचा असतो, जमिनीवर डायनामाइटने नाहीतर थरथरणारे मोठे ट्रक लावून, समुद्रात एअरगनने, आणि खालच्या थरांवर आपटून परत आलेला आवाज नोंदवायचा असतो. दगडाची घनता गुणिले त्या दगडातला आवाजाचा वेग म्हणजे इम्पीडन्स. दोन थरांचं इम्पीडन्स वेगळं असलं की त्यांच्या सीमेवरून आवाज परत येतो, सारखं असलं तर दोन वेगवेगळे दगड एकमेकांवर असूनही काही दिसत नाही. परत आलेल्या आवाजाची जी वळवळती रेघ उमटते तो ट्रेस. खरं मोजमाप एवढंच. पुढे त्या रेघेवरून आपण जे जे काढतो, म्हणजे ती किती उसळली, तिची फ्रीक्वेन्सी किती, शेजारच्या रेघेशी ती किती जुळते, थर कुठे किती वाकलाय, ते सगळे ॲट्रिब्यूट.

1970 च्या दशकात फक्त उसळी बघायचे, गॅस असलेली वाळू ठळक चमकते म्हणून तिला ब्राइट स्पॉट म्हणायचे. 1979 मध्ये टॅनर, कोहलर आणि शेरिफ ह्यांनी ट्रेसमधून फेज आणि फ्रीक्वेन्सी वेगळी काढायची रीत मांडली, 1995 मध्ये बाहोरिच आणि फार्मर ह्यांनी कोहेरन्स, म्हणजे शेजारच्या रेघा किती जुळतात त्याचं माप, आणलं आणि तिथून हा धंदा खरा रंगीत झाला, कारण कोहेरन्सच्या आडव्या कापात फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकलेल्या जागा, आणि जुन्या नद्यांची पात्रं कोणी न काढताच आपोआप उमटायला लागली. आता एखादं सॉफ्टवेअर उघडलं की ॲट्रिब्यूटची यादी संपतच नाही. त्यातले अर्धेअधिक एकमेकांचेच भाऊबंद असतात, नाव वेगळं आणि माहिती तीच.

डिचोली : मी खाणीत नोकरी केली. आमच्याकडे ग्रिड आखून बोअर मारायचे, कोअर, म्हणजे वर काढलेला दगडाचा दांडका, लॅबला पाठवायची, की ओर कुठे किती ते कळायचं. तुम्हीच लिहिलंत की शेलमध्ये गॅस अख्ख्या थरात असतो, मग मारा की कुठेही, एवढं गणित कशाला?

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत सुरुवातीला बऱ्याच जणांनी तसंच केलं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळचं बार्नेट शेल हे ह्या सगळ्याचं मूळ गाव. जॉर्ज मिशेलच्या कंपनीने तिथे 1981 मध्ये पहिली विहीर मारली, मग पंधरा-सोळा वर्षं दगड फोडायला हे घट्ट जेल ते जेल करत बसले, आणि 1997-98 च्या सुमाराला जवळपास साध्या पाण्याने दगड फोडायची स्वस्त पद्धत जमली तेव्हा कुठे पैसा दिसायला लागला. नंतर आडव्या विहिरी आल्या आणि लोकांनी नकाशावर पट्टी ठेवून समांतर विहिरी मारायला घेतल्या. थर तोच, विहिरीची लांबी तीच, पाणी आणि वाळूही तेवढीच, पण एक विहीर धो धो देते आणि शेजारची वर्षभरात बसते. का?

कारण थरात गॅस असणं वेगळं आणि तो बाहेर येणं वेगळं. शेलची पारगम्यता, म्हणजे दगडातून गॅस किती सहज वाहतो ते, नॅनोडार्सीत मोजतात, म्हणजे साध्या चांगल्या वाळूच्या थराच्या लाखो पट कमी, तिथे गॅस आपण होऊन चालत येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. आणि वाट होईल की नाही ते जागेजागेवर बदलतं. सेंद्रिय माल किती आहे, तो किती शिजलाय, दगड ठिसूळ आहे का, आधीच्या भेगा आहेत का, ताण कुठल्या दिशेने आहे, वरखाली कुठला दगड आहे, ह्या सगळ्यावर.

शेवटच्या मुद्द्याचं बार्नेटमधलंच उदाहरण देतो. त्या शेलच्या खाली एलेनबर्गर नावाचा चुनखडी-डोलोमाइटचा थर आहे, आणि त्यात पाणी भरलेलं आहे. पूर्वेकडच्या भागात मध्ये व्हायोला चुनखडी आहे, ती फ्रॅकची, म्हणजे पाण्याच्या दाबाने पाडलेली, भेग अडवते. पश्चिमेकडे ती नाहीच, शेल सरळ एलेनबर्गरवर बसलंय. तिथे भेग खाली उतरली की गॅसऐवजी पाणी. वर आणखी एक भानगड, एलेनबर्गर फार पूर्वी उघडा पडलेला असताना पावसाने झिजून त्यात गुहा झाल्या, पुढे त्यांची छतं कोसळली, आणि त्या कोसळण्याचे उभे नळकांडे वरच्या थरांतून शेकडो मीटर वर आलेत. नुसत्या उभ्या सायस्मिक सेक्शनवर ते एखादी बारीक घडी असल्यासारखे दिसतात, डोळ्याखालून निसटतात. पण थराच्या पातळीवर कोहेरन्स आणि कर्व्हेचर (थराचा वाक) काढा, की काळ्या कडांची गोल गोल वर्तुळं एकामागोमाग एक रांगेत उभी राहतात, आणि ती रांग बहुतेक वेळा एखाद्या फॉल्टच्या कडेने जाते. आडव्या विहिरीचा मार्ग अशा वर्तुळातून गेला तर तिथे फ्रॅक करणं म्हणजे पाण्याला आमंत्रण. हा नकाशा आधी बघितला तर तेवढा टप्पा सोडून पुढे जाता येतं. गॅस कुठे आहे ते इथे ॲट्रिब्यूट सांगत नाही, कुठे जाऊ नका ते सांगतं, आणि माझ्या मते शेलमध्ये त्याचा सगळ्यात खात्रीचा उपयोग हाच.

राहिला ग्रिडचा प्रश्न. तुमचे बोअर शंभरेक मीटरचे, फार तर थोडे जास्त. इथे दोन-अडीच किलोमीटर खाली जायचं आणि मग एक ते तीन किलोमीटर आडवं. एवढा खर्च करून ग्रिड कोण मारणार? थ्री-डी सायस्मिकमध्ये साधारण दर 25-30 मीटरवर एक ट्रेस मिळतो. ती कोअर नव्हे, हे मान्य, पण दोन विहिरींमधल्या रिकाम्या जागेत दुसरं काही नसतंच.

मडगाव : ‘ठिसूळ शेल चांगलं’ असं वाचलं. दगडाचा ठिसूळपणा वर बसून आवाजावरून कसा काय कळतो? मी शाळेत फिजिक्स शिकवते.

टीचर, फिजिक्स तुमचंच आहे, फक्त जागा वेगळी. चिक्कीवर मुठीने मारलं की तडे जातात आणि तुकडे होतात, नाताळातल्या दोदोलवर मारलं तर खळगा पडतो आणि बोटं चिकटतात. क्वार्ट्झ जास्त असलेलं शेल पहिल्यासारखं, क्ले (चिकणमाती) जास्त असलेलं दुसऱ्यासारखं, त्यात भेग पडली तरी आत टाकलेली वाळू दगड गिळून टाकतो आणि भेग मिटते.

आता मोजायचं कसं. सायस्मिकच्या एकाच बिंदूवर आवाज वेगवेगळ्या कोनांतून आपटतो. कोन वाढला की परतीची उसळी बदलते, आणि ती कशी बदलते ते पी-वेव्ह (दाबाची लाट) आणि एस-वेव्ह (आडवी हलणारी लाट) दोन्हींच्या वेगावर अवलंबून असतं. म्हणून कोनाकोनाचा डेटा एकत्र घेऊन उलटं गणित करतात, त्याला इन्व्हर्जन म्हणतात, त्यातून पी-इम्पीडन्स आणि एस-इम्पीडन्स निघतं, आणि डेटा दूरच्या कोनांपर्यंत चांगला असला तर घनताही निघते, नसला तर ती घनता नुसती शोभेची. ह्या तिघांवरून यंग्ज मॉड्युलस (दगड किती ताठ) आणि पॉयसन्स रेशो (दाबल्यावर बाजूला किती फुगतो). 2008 मध्ये रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बार्नेटच्या डेटावर सोपा हिशोब मांडला, यंग्ज मॉड्युलस जास्त आणि पॉयसन्स रेशो कमी म्हणजे ठिसूळ, दोन्ही शंभराच्या पट्टीवर आणून सरासरी काढा. हा हिशोब जगभर उचलला गेला, कारण करायला सोपा.

पण मला तो नकाशा एकटा दिसला की शंका येते. एक म्हणजे चुनखडीचा यंग्ज मॉड्युलसही भरपूर असतो, त्यामुळे ज्यात गॅसचा पत्ता नाही असा दगड नकाशावर ठिसूळ म्हणून छान लाल दिसू शकतो. दुसरं असं की ज्यामुळे गॅस तयार होतो तो सेंद्रिय माल, केरोजेन, स्वतः हलका आणि मऊ असतो, तो वाढला की इम्पीडन्स उतरतं आणि मॉड्युलसही उतरतो. म्हणजे गॅस जास्त तिथे दगड थोडा मऊ, आणि दगड कडक तिथे गॅस कमी, असं होऊ शकतं. म्हणून एकच आकडा घेऊन बसायचं नाही. इम्पीडन्स कमी, पी आणि एस वेगांचं गुणोत्तर कमी, आणि तरीही मॉड्युलस बऱ्यापैकी, असा कोपरा क्रॉसप्लॉटवर, म्हणजे एक गुण आडवा आणि एक उभा मांडलेल्या आलेखावर, शोधायचा आणि मग तेवढेच बिंदू नकाशावर रंगवायचे. 1997 मध्ये गुडवे आणि मंडळींनी लॅम्डा-ऱ्हो, म्यू-ऱ्हो काढलं तेही ह्याच जातीचं, लामेचे दोन कॉन्स्टंट गुणिले घनता.

आणि हे सगळं किती जाडीच्या थराचं? वेग 3,500 मीटर प्रति सेकंद आणि फ्रीक्वेन्सी 35 हर्ट्झ धरली तर वेव्हलेंग्थ 100 मीटर, तिचा चौथा भाग म्हणजे 25 मीटर. त्याहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. शेलमध्ये ठिसूळपणा मीटरा-मीटराला बदलतो, ते कोअर आणि लॉगवरच (विहिरीत यंत्र सोडून घेतलेल्या नोंदीवर) कळतं, सायस्मिकवर त्याची सरासरी तेवढी येते.

काणकोण : आडवी विहीर कुठल्या दिशेला वळवायची हेही ह्यावरून कळतं?

बऱ्यापैकी. भेगांच्या लांबीच्या दिशेने आवाज पटकन जातो, भेगांना आडवा जाताना थोडा रेंगाळतो. सगळ्या दिशांनी रिसीव्हर मांडून घेतलेला डेटा असेल तर कुठल्या दिशेला वेग जास्त आहे ते काढता येतं, आणि उसळी दिशेप्रमाणे कशी बदलते तेही. फ्रॅकची भेग सगळ्यात मोठ्या आडव्या ताणाच्या दिशेने लांबत जाते, म्हणून विहीर त्याला काटकोनात वळवतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याची भेग विहिरीपासून दोन्ही बाजूंना नव्या दगडात शिरते. फक्त ताणामुळे आलेला फरक आणि भेगांमुळे आलेला फरक सायस्मिकवर सारखाच दिसतो. विहिरीतला इमेज लॉग, म्हणजे तिच्या भिंतीचं चित्र, बघितल्याशिवाय कोणता ते ठरत नाही.

पर्वरी : मी आयटीत आहे. सरळ पन्नास ॲट्रिब्यूट मशीन लर्निंगमध्ये टाकायचे, विहिरींचं प्रॉडक्शन टाकायचं, मॉडेल सांगेल कुठे मारायचं ते. तुम्ही जिओफिजिक्सवाले उगाच अवघड करता असं वाटतं.

भाऊ, मॉडेल नक्की सांगेल. तेच तर भीतीचं आहे.

साधा हिशोब करू. समजा तुमच्याकडे 5 विहिरी आहेत आणि एक असं ॲट्रिब्यूट ज्याचा प्रॉडक्शनशी काडीचा संबंध नाही. तरी निव्वळ योगायोगाने दोघांमध्ये 0.7 किंवा त्याहून जास्त कोरिलेशन, अधिक किंवा उणे, येण्याची शक्यता साधारण 19 टक्के असते. आता एकमेकांशी संबंध नसलेले असे 10 निरुपयोगी ॲट्रिब्यूट घ्या, त्यातलं निदान एक तरी 0.7 च्या वर जाण्याची शक्यता 87 टक्क्यांच्या आसपास जाते. मग ते एक उचलायचं, स्लाइडवर चिकटवायचं, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलवायच्या. सिंथिया कॅल्कोमी ह्या बाईंनी 1997 मध्येच हा धोका आकडेवारीने मांडून ठेवलाय. पन्नास टाकलेत तर काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा लवकर काढाल.

मशीन लर्निंगला माझा विरोध नाही, सेल्फ-ऑर्गनायझिंग मॅप (आपोआप गट पाडणारी रीत) लावून फेसीज, म्हणजे दगडांचे प्रकार, वेगळ्या करायचं काम तर आता रोजचं झालंय. पण आधी विचारायचं की ह्या ॲट्रिब्यूटचा आणि दगडाच्या गुणाचा संबंध का असावा, कारण सांगता आलं तरच ते आत घ्यायचं, आणि एक-दोन विहिरी बाजूला लपवून ठेवायच्या, मॉडेलला दाखवायच्याच नाहीत. शिवाय शेल विहिरीचं प्रॉडक्शन बरंचसं ती कशी फ्रॅक केली, किती टप्पे, किती वाळू, ह्यावर ठरतं, ते मॉडेलला सांगितलं नाही तर बिचारं तेही सगळं दगडावर ढकलणार.

वास्को : आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाखाली बर्फातला गॅस आहे असं ऐकतो. दोनापावलाला एवढी मोठी एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे, मग काढत का नाहीत?

बर्फातला गॅस म्हणजे गॅस हायड्रेट. शेल गॅससारखा तोही अनकन्व्हेन्शनलच, म्हणजे नेहमीच्या विहिरीने न निघणारा, आणि ॲट्रिब्यूटने माणसाला कसं चकवावं ह्याचा धडा ह्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर.

खोल समुद्रात थंडी आणि दाब असेल तर मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ होतो. तळापासून खाली जाऊ तसं तापमान वाढतं आणि एका खोलीनंतर हायड्रेट टिकत नाही, तिथून खाली मोकळा गॅस असू शकतो. ह्या सीमेवर सायस्मिकमध्ये एक रेघ येते, तिला बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर, तळाची नक्कल करणारी रेघ) म्हणतात. ती समुद्रतळाला समांतर पळते, मध्ये येणाऱ्या थरांना तिरकी कापत जाते, आणि तिची उसळी तळाच्या उसळीच्या उलट असते, कारण वर कडक आणि खाली मऊ. ओळखायला इतकी सोपी खूण दुसरी नाही असं वाटतं. पण ती रेघ मुख्यतः खालच्या मोकळ्या गॅसमुळे उमटते, आणि गॅस अगदी थोडा असला तरी पी-वेव्हचा वेग धाडकन उतरतो. वर हायड्रेट किती आहे ह्याबद्दल ती फारसं काही सांगत नाही.

28 एप्रिल 2006 ला ‘जॉइडीज रिझोल्यूशन’ हे जहाज मुंबईहून राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेवर निघालं, ऑगस्टपर्यंत 21 ठिकाणी 39 विहिरी मारल्या. पहिलीच जागा आपल्या बाजूची, केरळ-कोकण बेसिन. साधारण 2,660 मीटर पाणी, त्याखाली सुमारे 290 मीटर खोदलं. हायड्रेट मिळालं नाही, चुन्याने भरलेला गाळ मिळाला. म्हणजे आपल्या किनाऱ्यासमोर गॅस भरलाय वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांना निदान ह्या एका विहिरीने तरी दुजोरा दिलेला नाही.

त्याच मोहिमेत पूर्वेला कृष्णा-गोदावरी बेसिनमध्ये मात्र दहाव्या साइटवर जवळपास 130 मीटर जाडीच्या पट्ट्यात हायड्रेट सापडलं, तेही वाळूत नाही, चिखलाच्या उभ्या भेगांत भरलेलं. आणि इथेच दुसरी मेख. रेझिस्टिव्हिटी लॉगवरून (थर विजेला किती अडवतात त्या नोंदीवरून) नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर हायड्रेट भरमसाट निघालं, आणि दाब राखून वर आणलेल्या कोअरमध्ये त्याहून बरंच कमी. सूत्र धरून चालतं की दगड सगळ्या दिशांना सारखा आहे, भेगा तर उभ्या होत्या. भेगांचा परिणाम धरून हिशोब केल्यावर आकडे कोअरच्या जवळ आले. काणकोणच्या वाचकाला वर जे दिशेबद्दल सांगितलं, ते सोडून दिलं की असा फटका बसतो. 2015 मध्ये ‘चिक्यू’ ह्या जपानी जहाजावरून दुसरी मोहीम झाली आणि त्याच बेसिनमध्ये वाळूतलं हायड्रेटही मिळालं. धंदा म्हणून जगात अजून कोणीच हायड्रेटमधून गॅस काढत नाही, तेव्हा एनआयओवर रागावू नका, ती संशोधन संस्था आहे, तिचं काम खोदून विकायचं नाही.

सत्तरी : आमच्या भागात उद्या शेल गॅससाठी फ्रॅकिंग करायला कोणी येणार नाही ना? बागायत आहे, झरीचं पाणी आहे.

त्यासाठी तरी कोणी येणार नाही. आपल्या पायाखालचा दगड धारवाड काळातला, अब्जावधी वर्षांपूर्वीचा, दाबून-भाजून निघालेला. त्यात कधी शेल असलंच तर त्याचं कधीच फिलाइट आणि शिस्ट असे रूपांतरित दगड झालेत, गॅस राहायचा प्रश्न नाही. देशात शेल गॅस पहिल्यांदा लागला तो जानेवारी 2011 मध्ये, ओएनजीसीला, पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ, आणि तेलकंपन्यांचं लक्ष असतं ते खंबात, दामोदर, कृष्णा-गोदावरी अशा गाळाच्या बेसिनवर. झरीची काळजी करायची तर दुसरी कारणं तुमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यावर वेगळं पत्र पाठवा.

ताळगाव : सर, मी एमएससीला आहे. घरच्या लॅपटॉपवर ॲट्रिब्यूट काढून बघायचे असतील तर डेटा कुठून मिळेल? कंपनीचा डेटा तर कोणी देत नाही.

नेदरलँड्सच्या समुद्रातला एफ-थ्री ब्लॉकचा थ्री-डी डेटा फुकट मिळतो, आणि ओपनडीटेक्ट हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, दोन्ही उतरवून घे. शेल नाहीये त्यात, पण हात बसायला उत्तम, वरच्या थरांत गॅसमुळे चमकणारा ब्राइट स्पॉटही आहे. कोहेरन्स शोधत बसू नकोस, तिथे त्याला सिमिलॅरिटी म्हणतात. आधी थराचा डिप (उतार) काढून घे आणि तो धरून सिमिलॅरिटी काढ, नाहीतर उतरत्या थरांत खोट्या काळ्या रेघा येतील आणि तू त्यांना फॉल्ट म्हणून रिपोर्टमध्ये लिहिशील. विंडो, म्हणजे एका वेळी हिशोबात घेतलेला ट्रेसचा तुकडा, छोटी ठेवलीस तर आवाजाची खरखर दिसेल, मोठी ठेवलीस तर बारीक फॉल्ट पुसले जातील, तीन-चार वेगवेगळ्या घेऊन शेजारी शेजारी लावून बघ. आणि सगळ्यात आधी पोलॅरिटी तपास, समुद्रतळाची उसळी अधिक आहे की उणे ते बघून कागदावर लिहून ठेव, कारण अमेरिकन आणि युरोपियन रिवाज एकमेकांच्या उलटे आहेत. इन्व्हर्जनला हात लावायचा तो विहिरीचा सॉनिक (आवाजाचा वेग) आणि डेन्सिटी (घनता) लॉग घेऊन त्यावरून बनवलेला सिंथेटिक ट्रेस खऱ्या ट्रेसशी जुळवल्यावरच. अडलीस तर स्क्रीनशॉट पाठव, पण कलर बार सकट पाठव, मागच्या वेळी एकाने पाठवला त्यात तोच कापलेला होता.